डाव्या अंगाला

सुनीतीनं अंगठा पुन्हा त्या खाचेत घातला आणि तो पुन्हा अडकला.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. वाटणारच! पण ज्या हाडाच्या खाचेत तिचा अंगठा अडकत होता, ते हाड एका बायकोचं होतं. निदान गेली वीस-बावीस वर्षं सगळं बनारस तसंच समजून चाललं होतं. बाईमाणसाच्या खुब्याच्या हाडाला मागच्या बाजूनं एक खाच असते, ती ऐसपैस. अंगठा घातला तर इकडून तिकडे सहज हलतो. पुरुषाची खाच अरुंद, अंगठा गच्च बसतो. बाळाला बाहेर यायला वाट लागते, म्हणून बाईच्या कंबरेचा सगळा सांगाडाच रुंद आणि उथळ घडतो. पुरुषाला ती गरजच नाही. सुनीती विश्वविद्यालयात हाडांचं शास्त्र शिकवायची. पहिल्याच तासाला मुलांच्या हातात एकेक हाड देऊन म्हणायची, "आँखें बंद, अंगूठा अंदर, अब बताओ." मुलं खिदळायची, पण उत्तरं सहसा बरोबर यायची.

आणि आज संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, तीच डोळे मिटून उभी होती.

एका खाचेवरून निकाल द्यायचा नसतो, हे तिला कळत होतं. हजारो वर्षं मातीत पडलेलं हाड दबतं, वाकतं. तिनं ते उलटं केलं. पुढे जिथं दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांना भिडतात, तिथला खालचा कोन बाईत पसरट असतो. इथं तो चिंचोळा होता. मांडीच्या हाडाचा गोळा बसतो ती वाटी मोठी होती. वरच्या कडेचा सांधा नुकताच जुळलेला, म्हणजे वय विशीच्या आगेमागे. एकही खूण बाईच्या बाजूनं बोलायला तयार नव्हती. शेलाट्या बांध्याचा, मिसरूड फुटलेला मुलगा होता तो.

"क्या हुआ, दीदी?" ढुंढिराजनं दारातून विचारलं.

ढुंढिराज या संग्रहालयाचा प्रमुख. दुर्गाघाटावरच्या मराठी घरातला मुलगा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही आम्हा काशीच्या मराठी लोकांची जुनीच तऱ्हा. पण ढुंढिराज एका वाक्यात दोनदा उंबरा ओलांडायचा.

"ही बाई नाही, ढुंढिराज."

"मतलब?"

"पुरुष आहे. दोघंही पुरुष आहेत."

ढुंढिराज मटकन स्टुलावर बसला. "अगं दीदी, घटस्थापनेला नव्या मांडणीचं उद्‌घाटन आहे! पत्रिका छापून आल्यात. गुरुजींच्या हातून फीत कापायची आहे. तू हे काय भलतंच बोलतेस?"

गुरुजी म्हणजे सुनीतीचे वडील, दत्तात्रेय अण्णा. बालाजी घाटाच्या वर गल्लीत त्यांचं घर. वाडवडील याज्ञिक, पोथीपाठावर जगलेले. अण्णांनी मात्र कुदळ धरली आणि पुराणवस्तूंच्या खोदकामात नाव काढलं. बाहत्तर साली भैंसहा तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर ते खोदत होते, तिथं त्यांना एकाच खड्ड्यात दोन माणसं सापडली. शेजारीशेजारी उताणी निजवलेली, एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर. माती चुनखडीनं दगडासारखी झालेली, कंबरेचा भाग तर पुरता तिच्यात रुतलेला. अण्णा काठावर उभे राहिले, हात झटकले आणि म्हणाले, "डाव्या अंगाला आहे ती बायको."

झालं! संपलं संशोधन. कवटी लहान होती, गुळगुळीत होती, हे खरं. पण विशीतल्या पोराचीही तशी असते. खरी गोष्ट ही, की अण्णांनी जन्मभर पाहिलं होतं ते हेच. जोडपं आशीर्वादाला बसलं की बायको डावीकडे, अभिषेकाला बसलं की बायको डावीकडे. त्या तालाकाठच्या माणसांना ना भटजी ठाऊक, ना मंत्र, ना पाट. पण अण्णांच्या डोळ्यांनी त्यांना पाटावर बसवून टाकलं. आणि गंमत अशी, की कुणी विचारलंसुद्धा नाही. मातीसकट तो अख्खा चौथरा उचलला, लाकडी चौकटीत बसवला आणि काचेखाली ठेवला. वर पाटी लावली: ‘दंपती’.

फोटो घरी आला तेव्हा सुनीतीची आई, प्रेमलाबाई, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या होत्या, "अहो, पण होमाला मी तुमच्या उजवीकडे बसले होते. मग ह्या दोघांतला नवरा कोणता, नि बायको कोणती?"

"तू लाट पोळ्या," अण्णा हसून म्हणाले होते. सगळे हसले होते. बकुळ तर ठसका लागेपर्यंत हसली होती.

बकुळ म्हणजे सुनीतीची थोरली बहीण. हिच्यासाठीच तर ही सगळी कथा.

दंपती गाजलं. वर्तमानपत्रात आलं. शाळेची मुलं काचेला नाक लावून "दूल्हा-दुल्हन" ओरडायची. लग्न होऊन गंगापुजैया, म्हणजे नव्या जोडप्यानं करायची गंगेची पूजा, झाली की नवी जोडपीसुद्धा तिथं येऊन उभी राहायची. अण्णा भाषणात सांगायचे, "आठ हजार वर्षं झाली, हिनं त्याची कूस सोडली नाही." टाळ्या पडायच्या. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, कारण अण्णा बोलायचेच तसे.

बकुळचं लग्न झाशीला झालं. घर चांगलं, रेल्वेतला जावई, दिसायला उमदा. दीड-दोन वर्षं गेली असतील, आणि एका थंडीत ती एकटीच दारात उभी राहिली. हातात लोखंडी ट्रंक. शालीतून हात बाहेर काढला तेव्हा मनगटावर भाजल्याचा डाग सुनीतीला दिसला, उलथन्याच्या पात्याएवढा. "मी आता जाणार नाही," एवढंच बकुळ म्हणाली आणि ट्रंकेवरच बसली. आईनं तिला पोटाशी धरलं. अण्णा काही बोलले नाहीत. आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "चल, तुला एक दाखवतो."

दोघी बहिणी त्यांच्याबरोबर गेल्या. काचेपुढे बकुळला उभं करून अण्णांनी तेच वाक्य म्हटलं. आठ हजार वर्षं. कूस सोडली नाही. आवाज मवाळ होता, डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला बोला, पोरीवर जीव होता त्यांचा. पण जीव असला म्हणून माणूस चुकत नाही, असं थोडंच आहे!

बकुळ काचेकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "अण्णा, ही बायको कशावरून?"

"डाव्या अंगाला आहे. दिसत नाही?"

"दिसतंय," बकुळ म्हणाली.

दोन दिवसांनी अण्णांनी तिला गाडीत बसवून दिलं. ट्रंक हमालानं वर ठेवली. उन्हाळ्यात झाशीहून तार आली: स्टोव्हचा भडका. पोलीस आले, गेले. स्टोव्ह फुटला असं ठरलं. दीर अस्थी घेऊन काशीला आला, कारण काशीलाच तर आणायच्या असतात. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर मडकं सुनीतीच्या हातात आलं. ती तेव्हा एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. नुकतीच हाडं हातात घ्यायला शिकली होती. मडक्यात हात घातला तर बोटांना एक तुकडा लागला, खुब्याचा. तिला ठरवून काही करायचं नव्हतं हो, पण अंगठा आपोआप खाचेत गेला आणि ऐसपैस हलला. ही ताई, असं तिच्या मनात आलं. तिनं तो तुकडा सोडला नाही. भटजींनी दोनदा सांगितलं तेव्हा सोडला.

त्यानंतर घरात बकुळचं नाव निघालं नाही. आई दोनच वर्षांनी गेली. सुनीतीनं लग्न केलं नाही. स्थळं आली की ती नुसती मान हलवायची, आणि अण्णाही फार ताणून धरायचे नाहीत. दर पितृपक्षात अविधवा नवमीला अण्णा घाटावर तर्पणाला बसत. बाप, आजा, पणजा, मग आयांची ओळ, मग पत्नी प्रेमला. पत्नीनंतर मुलं येतात, त्यांत गेलेली लेकही येते. तिचं नाव घेऊन तिलाही पाणी देतात. अण्णा मात्र पत्नीवरून एकदम काकांवर जात. शेजारी लोटा धरून बसलेली सुनीती दरवर्षी कान टवकारून ऐके, आणि दरवर्षी तीच जागा कोरडी जाई. तिला बापाकडून दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा ताईचं नाव घ्यावं आणि तिला परत पाठवायला नको होतं एवढं म्हणावं. इतकी वर्षं ती त्या दोन गोष्टींसाठी त्या घरात राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि यंदा पावसाळ्यात संग्रहालयात ओल आली, चौकट फुगली, चौथऱ्याला भेग पडली. हाडं एकेक करून सोडवायची वेळ आली. ते काम सुनीतीकडे आलं. म्हणून आज हे हाड पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातात होतं.

"हे बघ," ढुंढिराज आता स्टूल ओढून जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "तू, मैं, और ये दीवार. तिसऱ्याला कळायचं कारण नाही. गुरुजींना आता दिसत नाही. काचबिंदूनं सगळं गेलं. या वयात हे ऐकलं तर खचतील गं ते! आपण हाडं परत मांडू, पाटी तशीच ठेवू. पुढं-मागं बघू."

"आणि पुढं-मागं कुणी बघितलं तर?"

"तब की तब."

 सुनीतीच्या मनात काय चाललं होतं ते ढुंढिराजला कळणं शक्यच नव्हतं. खरं सांगू? पहिल्यांदा तिला आनंद झाला होता. हो, आनंद! घरी जावं, अण्णांपुढे उभं राहावं आणि सांगावं, तुमची बायको बायको नाही, तुम्ही ताईला एका पोराकडे बोट दाखवून मरायला पाठवलंत. मग लगेच तो आनंद विरला. कारण म्हातारा यानं मोडून पडेल ही भीती होतीच; पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. तो यातून सुटला तर? मला कुठे ठाऊक होतं, माझ्या शास्त्राची चूक झाली, असं म्हणून मोकळा झाला तर?

संध्याकाळी घरी गेली तर अण्णा ओसरीत बसले होते. तिच्या चपलांचा आवाज ओळखून म्हणाले, "काय म्हणतंय आमचं दंपती? सुटलं का मातीतून?"

"सुटतंय."

"मला घेऊन चल उद्या. डोळ्यांनी नाही तर नाही, हातांनी बघेन. पुन्हा काचेत गेले की गेले. मी आता किती दिवसांचा?"

 सुनीतीनं चहा टाकला, अण्णांच्या आवडीची मलई वर घातली, कप त्यांच्या हातात दिला. सांगितलं मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं पिशवीत एक हाड टाकलं. वर्गात शिकवायचं, एका बाईचं, जुनं, पिवळट पडलेलं, शेकडो मुलांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं. कशासाठी टाकलं? रिक्षात अण्णांचा हात धरून बसलेली असतानाही तिचं तिला धड सांगता आलं नसतं. ढुंढिराजला मात्र बघताक्षणी कळलं. त्यानं तिला खोलीबाहेर कोपऱ्यात घेतलं. "शाबास! हेच दे त्यांच्या हातात. त्यांना क्या पता चलेगा! चार घटका खूश होतील, आशीर्वाद देतील. दीदी, पाया पडतो तुझ्या."

खोलीत लांब टेबलावर कापूस पसरला होता आणि त्यावर दोघं मांडलेले होते. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली, धोतराचा सोगा कमरेला खोवला आणि टेबलाची कड चाचपत उभे राहिले. चेहरा असा उजळला होता की सुनीतीला बघवेना. उजवीकडच्या मोठ्या माणसाच्या कवटीवर त्यांनी तळवा ठेवला. "हे आमचे यजमान." मग हात डावीकडे सरकला. "आणि ह्या ह्यांच्या. कंबरेचं हाड काढलंस का गं? ते मी कधी बघितलंच नाही. मातीनं दिलंच नव्हतं तेव्हा."

सुनीतीचा एक हात पिशवीत होता. दुसऱ्या हातापाशी, कापसावर, ते खरं हाड होतं. ढुंढिराज दारातून डोळ्यांनी विनवत होता. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की द्यावं हे पिशवीतलं. म्हातारा हसेल, आपण घरी जाऊ, रात्री खिचडी खाऊ. मग तिला ट्रंकेवर बसलेली ताई आठवली.

तिनं कापसावरचं हाड उचललं आणि अण्णांच्या हातात ठेवलं.

अण्णांनी ते फिरवलं, जोखलं, कड चाचपली. मग अंगठा खाचेत घातला. तो अडकला. त्यांनी तो काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. 

"दुसऱ्याचं दे," ते म्हणाले.

तिनं उजवीकडच्याचं दिलं. तिथंही तसंच.

"बाईचं आहे एखादं?"

तिनं पिशवीतलं दिलं. अण्णांचा अंगठा त्यात इकडून तिकडे मोकळा फिरला. ते हाड त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. मग सुनीतीच्या हातात परत दिलं.

"बाकीच्या खुणा बघितल्यास?"

"सगळ्या. शंका नाही, अण्णा."

"विशीचा असेल?"

"तेवढाच."

"चुकलो," अण्णा म्हणाले. "भाऊ असतील. बाप-लेक असतील. कोण जाणे कोण असतील. मी आपलं जोडपं लावून मोकळा झालो." ते स्टूल चाचपत खाली बसले, आणि जरा वेळानं वेगळ्याच आवाजात, आर्जवानं बोलू लागले, "सुनीती, मला हे तेव्हा कळलं असतं, तर मी त्या पोरीला इथं आणलंच नसतं गं. कुणाचा दाखला दिला असता? एका चुकीच्या हाडानं केलं बघ हे सगळं. माझं शास्त्र कच्चं पडलं."

हेच! हेच तिला वाटलं होतं. इतक्या वर्षांचं जे छातीत तुंबलं होतं ते एकदम वर आलं, आणि ती ओरडली नाही, हेच आश्चर्य.

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "ती बायको असती, तरीसुद्धा ताईला परत पाठवायचं नव्हतं."

ढुंढिराज दारातून नाहीसा झाला. अण्णांनी मान वर केली. त्या न बघणाऱ्या डोळ्यांनी ते तिला शोधत होते.

"तिच्या मनगटावर डाग होता," सुनीती म्हणाली.  "तेव्हा तर तुम्हाला दिसत होतं ना?"

अण्णांनी मान पुन्हा खाली घातली. मग म्हणाले, "दिसला होता."

"मग?"

"मग काय सांगू! तुझं लग्न व्हायचं होतं. परत आलेली मुलगी घरात ठेवली तर धाकटीला कोण करून घेईल, असं चार जण बोलले. मलाही पटलं. आणि तुला सांगतो, काचेपुढे मी ते वाक्य म्हटलं ना, तेव्हा ते तिला पटावं म्हणून नव्हतं म्हटलं. मला धीर यावा म्हणून म्हटलं." त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. "तिनं विचारलं, कशावरून. मी खेकसलो तिच्यावर."

"खेकसला नाहीत. हळू बोललात."

"ते तर त्याहून वाईट," अण्णा म्हणाले.

सुनीतीला बापाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेवावासा वाटलाही नाही. माझ्यासाठी! माझ्या लग्नासाठी! जे लग्न तिनं केलंच नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पदर तोंडात धरून रडली. ताई गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती. म्हातारा मागं स्टुलावर तसाच बसून होता. तोही रडत होता, पण दोघांनी एकमेकांना हाक मारली नाही.

जाताना अण्णांनी ढुंढिराजला बोलावलं. "पाटी बदल. दोन पुरुष, एवढंच लिही. आणि खाली लिही, आधी जे लिहिलं होतं ती खोदणाऱ्याची चूक. माझं नाव घालून लिही."

"गुरुजी, फीत?"

"पाटी बदललीस तर कापीन. नाहीतर दुसरा कुणी बघ."

अविधवा नवमी दोन दिवसांवर होती. त्या दिवशी गंगा उतरलेली होती आणि बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर पुराचा चिखल अजून वाळायचा होता. सुनीतीनं अण्णांना हाताला धरून जपून खाली आणलं. घरात दोघं दोन दिवस जेवणापुरतंच बोलले होते. वेणीमाधव भट आसन टाकून बसला होता. त्याचा बापही ह्याच घरचं तर्पण सांगायचा. अण्णा दक्षिणेकडे तोंड करून बसले, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ बोटात, तीळ मुठीत. सुनीतीनं लोटा धरला.

बाप झाला, आजा झाला, पणजा झाला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून, जिथून पितरांना पाणी देतात तिथून, पाणी ठिबकत राहिलं. आयांची ओळ झाली. "अस्मत्पत्नीं प्रेमलादां काश्यपगोत्रां," वेणीमाधवनं म्हटलं, अण्णांनी म्हटलं, पाणी पडलं. वेणीमाधवनं सवयीनं पुढचं सुरू केलं, काकांचं.

"थांब," अण्णा म्हणाले. "लेक राहिली."

वेणीमाधव चमकला. त्यानं सुनीतीकडे बघितलं. तिच्या हातातला लोटा कलंडायचा राहिला.

"नाव?" त्यानं अदबीनं विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"बकुळ."

ते नाव त्या म्हाताऱ्या तोंडून सुनीती इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच ऐकत होती.

"झाशीच्या मंडळींचं गोत्र कोणतं, अण्णा? दिलेल्या मुलीला सासरचं गोत्र लागतं."

"काश्यप म्हण."

"अहो, ते तर तुमचं!"

"माझंच."

"असं कसं चालेल, अण्णा?" वेणीमाधव बिचारा गोंधळून गेला. "कन्यादान केलंत तुम्ही. दिलेली मुलगी दुसऱ्या गोत्राची झाली. तुम्ही याज्ञिकाच्या घरातले, तुम्हाला मी काय सांगायचं!"

"मला सगळं ठाऊक आहे रे," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पलीकडच्या पायरीवरचे लोकसुद्धा वळून बघायला लागले. "मला डावं-उजवं सगळं पाठ आहे. तेच पाठ होतं, म्हणून तर! वेणीमाधवा, माझी लेक ट्रंक घेऊन परत आली होती. मी जाणार नाही म्हणाली होती. मीच तिला आत घेतलं नाही. तिला परत पाठवायला नको होतं. आज घेतोय आत. तू नाही म्हटलंस, तर मी मंत्रावाचून देईन."

 नदीवरून एक नाव गेली, नावाड्यानं कुणाला तरी हाक मारली. मग वेणीमाधवनं दर्भ नीट केला, घसा खाकरला आणि म्हटलं, "अस्मत्कन्यां बकुळादां काश्यपगोत्रां..."

अण्णांनी ते शब्द त्याच्यामागून म्हटले. शेवटच्या शब्दाला आवाज फुटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटले. सुनीतीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी हात कलता केला, आणि पाणी तिळांसकट अंगठ्याजवळून गंगेत पडलं.

"ये," अण्णा म्हणाले. "ये गं बाई, घरी."